ठाण्याची पायरी चढण्याआधी: पोलीस सुधारणांबद्दल खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे जो तो सांगतो. खेड्यात त्या म्हणीत पोलीस ठाण्याची पायरीही धरलेली असते. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. माझ्याकडे माणूस येतो तो बहुतेक वेळा ती पायरी चढून, वर काहीतरी बिनसल्यावर. तोवर आठवडा गेलेला असतो, हातात कागद नसतो, तारीख आठवत नसते. खालचे प्रश्न टपरीवर, कोर्टाच्या ओट्यावर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारले गेले. उत्तरं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

पोलीस अजून इंग्रजांच्या १८६१ च्या कायद्यावर चालतात, हे खरं का?

देशातल्या बऱ्याच भागासाठी खरं, आपल्यासाठी नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला, तो लोकांना धाकात ठेवण्यासाठी. मुंबई इलाख्याचे कायदे मात्र वेगळे होते. १८९० चा जिल्हा पोलीस कायदा आणि १९०२ चा मुंबई शहर पोलीस कायदा रद्द करून १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आला. तोच आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. भाषणात १८६१ ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की आपल्या तक्रारीला लागू होणारा कायदा स्वातंत्र्यानंतर आपल्याच विधिमंडळाने केलेला आहे. त्यातल्या उणिवांसाठी गोऱ्या साहेबाला बोल लावून भागणार नाही.

मग 'पोलीस सुधारणा' म्हणतात ती कोणती?

राष्ट्रीय पोलीस आयोग १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले आणि ते कपाटात गेले. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ ला, म्हणजे दहा वर्षांनी. न्यायालयाने सात आदेश दिले. त्यातला सातवा केंद्राच्या दलांसाठी होता, राज्यांसाठी सहा: सरकारने पोलिसांवर बेकायदा दबाव आणू नये म्हणून राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकांची निवड गुणवत्तेवर आणि किमान दोन वर्षांसाठी, एसपी आणि ठाणे प्रभारी यांनाही दोन वर्षं, तपास आणि बंदोबस्त यांची माणसं वेगळी, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण.

पोलीस हा राज्याचा विषय, त्यामुळे कायदा राज्यानेच करायचा होता. महाराष्ट्राने तो २०१४ साली केला, १९५१ च्या अधिनियमात २२ब पासून पुढची कलमं घालून.

तपास आणि बंदोबस्त वेगळा करण्याचा आदेश खेड्यापर्यंत सर्वांत कमी पोचला. गणपती, ईद, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, सारंगखेड्याची यात्रा, सगळीकडे उभा राहणारा तोच फौजदार तुमच्या चोरीचा तपासी अंमलदार असतो. "साहेब बंदोबस्तात आहेत" हे उत्तर खोटं नसतं.

चांगला साहेब आला की त्याची लगेच बदली का होते?

कायद्याप्रमाणे होऊ नये. कलम २२न म्हणतं, फौजदार, सहायक निरीक्षक आणि निरीक्षक यांचा एका ठाण्यात दोन वर्षांचा कार्यकाळ, एका जिल्ह्यात चार, परिक्षेत्रात आठ. डीवायएसपी आणि वरच्यांना एका जागी दोन वर्षं, शिपाई-हवालदारांना पाच. पण त्याच कलमात मागचं दार आहे: जनहित किंवा प्रशासकीय निकड असेल तर मुदतीआधी बदली करता येते. निकड कोणाची, हे प्रत्येक तालुक्याला माहीत असतं. मुदतीआधी हललेले अधिकारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातात आणि कधीकधी जिंकतातही, पण तोवर ठाण्यात दुसरा साहेब बसलेला असतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून हकिगत सांगत असता.

म्हणून मी लोकांना सांगतो, साहेबापेक्षा बीट अंमलदाराशी, म्हणजे तुमच्या गावांचा भाग सांभाळणाऱ्या पोलिसाशी, ओळख ठेवा. तो पाच वर्षं राहू शकतो. पोलीस पाटील तर गावचाच.

विहिरीवरची मोटर चोरीला गेली. ठाण्यात म्हणतात, "अर्ज देऊन जा." गुन्हा का नोंदवत नाहीत?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. मोटर जाते, नाहीतर केबल जाते. केबल जाळून तांबं भंगारात विकलं जातं. शेतकरी सकाळी ठाण्यात उभा राहतो, "साहेब, मनी मोटर चोरी गयी," आणि परत येतो तेव्हा हातात काही नसतं.

आधी साधी गोष्ट. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय करू शकतात त्याची, खबर दिली की ती नोंदवावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी हे बजावलं आहे. आता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे आणि तिचं कलम १७३ पाहायचं. तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीने आधी चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवायची असते. "अर्ज चौकशीवर आहे" हे दोन महिन्यांनी ऐकू आलं, तर त्याला कायद्यात जागा नाही.

आता खाचखळगा. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. म्हणजे एनसी, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. केबलची किंमत अंदाजाने 'चार हजार असेल' अशी सांगितलीत तर प्रकरण तिथेच गार होतं. माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच झालं. ठाण्याचं नाव घेत नाही. अंमलदाराने विचारलं, "आप्पा, जुनीच होती ना? लिहू का साडेचार?" वडील हो म्हणाले. माणूस भिडस्त, समोरच्याने चहा पाजलेला. घरी आल्यावर बिल सापडलं ते नऊ हजारांचं. तेव्हा बिल ठेवा, निदान दुकानदाराकडून आजच्या भावाचा कागद आणा. आणि मोटर कुलूप लावलेल्या खोलीतून गेली असेल तर ते ठळक सांगा. वस्तू ठेवायच्या बांधकामातून झालेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३०५ मध्ये येते. ती दखलपात्र आहे आणि तिथे किंमत आड येत नाही.

नोंदवलंच नाही तर खबर लिहून टपालाने एसपींकडे पाठवा. तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे, सोबत प्रतिज्ञापत्र. रजिस्टरची पावती जपून ठेवा. पुढे मॅजिस्ट्रेट पहिल्यांदा तीच मागतात.

नोंदवलं तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

"हद्द आमची नाही" म्हणून परत पाठवलं.

पाठवता येत नाही. कुठल्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून हद्दीच्या ठाण्याकडे धाडायचा असतो. आपल्याकडे हे फार कामाचं आहे: नवापूरला उभे राहिलात की पलीकडे गुजरात, चोपड्याच्या वर सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश, आणि भुसावळला गाडीत पाकीट मारलं गेलं तर रेल्वे पोलीस. ऑनलाइन खबर दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. हे विसरल्याने कितीतरी तक्रारी हवेत राहतात.

फोन आला, "उद्या ठाण्यात या." जावंच लागतं का?

नुसत्या फोनवर नाही. साक्षीदाराला लेखी हुकमाने बोलवायचं असतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरची माणसं, अपंग आणि गंभीर आजारी यांचा जबाब त्यांच्या घरीच घ्यायचा. संशयिताला कलम ३५ ची नोटीस द्यायची. ती आली तर मात्र जाच, टाळाटाळ केली तर ती अटकेचं कारण होते. एवढं असूनही मी बऱ्याचदा सांगतो, जाऊन या, पण एकटे जाऊ नका आणि किती वाजता गेलात ते वहीत लिहा. सगळेच फोन दमदाटीचे नसतात.

रात्री मुलाला उचलून नेलं. कुठे आहे, सांगत नाहीत.

अशा वेळी घाबरून पुढाऱ्याकडे धावू नका. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला विचारा. अटक केलेल्यांची नावं आणि गुन्हा तिथे आणि ठाण्यात लावून ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यासाठी नेमलेला अंमलदारही असतो. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव वाचता येईल असं हवं. अटकेचा कागद करायचा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, अटकेचं कारण सांगायचं, नातेवाइकाला कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची. हे बहुतेक नियम डी. के. बसू निकालातून, १९९६ च्या डिसेंबरातून आले आणि आता संहितेत आहेत. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. सूर्यास्तानंतर बाईला अटक नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. शिक्षा तीन वर्षांच्या आत आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल तर डीवायएसपींच्या परवानगीशिवाय अटक नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागा, फोन १५१००. २४ तास उलटूनही पत्ता नसेल तर हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज, आणि आपल्याला त्यासाठी उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आहे.

पोलिसांनीच मारलं किंवा पैसे मागितले, तर कोणाकडे जायचं?

पैशासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. बाकीसाठी एसपी, राज्य मानवी हक्क आयोग, आणि २०१४ च्या दुरुस्तीतून आलेलं पोलीस तक्रार प्राधिकरण. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम डावलून अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर हे त्याचे विषय. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. तक्रार पीडिताने, घरच्यांनी किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने करावी.

इथे माझं राज्य सरकारशी भांडण आहे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक. महाराष्ट्राने जिल्ह्याऐवजी विभाग धरला. आपला विभाग नाशिक. अक्कलकुव्याच्या वर मोलगीला राहणाऱ्या पावरा आदिवासी माणसाने मजुरी बुडवून, गाड्या बदलत नाशिकला जायचं, तेही पोलिसाविरुद्ध बोलायला? जिल्ह्याला असं प्राधिकरण असतं तर बाजाराच्या दिवशी येऊन तक्रार देऊन गेला असता.

ठराविक गुन्ह्यांत, जसं बलात्कार, विनयभंग, अ‍ॅसिड हल्ला, खबर नोंदवायला नकार देणारा अंमलदारच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हेगार ठरतो. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण मिळतं का?

मागता येतं. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे दारापासून लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकाच्या खोलीपर्यंत सगळीकडे कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष, ठेवायला हवं. मार खाल्लेल्या माणसाने त्याच आठवड्यात, तारीख आणि वेळ लिहून, 'हे चित्रण जपून ठेवा' असा अर्ज द्यावा. वर्षाने मागितलं की यंत्र बिघडलेलं निघतं, असा माझा अनुभव आहे.

शांतता समितीच्या बैठकीत दर वर्षी तेच चेहरे दिसतात. तिचा काही उपयोग होतो का?

चहा-बिस्किटापुरता होतो, असं मी चिडून म्हणतो. पण धुळ्याच्या माणसाने हा प्रश्न विचारला की चिडता येत नाही. ६ जानेवारी २०१३ ला तिथे दंगल झाली, पोलीस गोळीबारात सहा तरुण गेले. पोलीसच तोडफोड करत असल्याची दृश्यं पुढे आली, चौकशी आयोग नेमला गेला. त्याआधी २००८ मध्येही शहर पेटलं होतं. शांतता समित्या दोन्ही वेळी होत्याच.

दुसरं उदाहरण भिवंडीचं. १९८४ च्या दंगलीनंतर तिथे १९८८ साली उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी पुढाऱ्यांची समिती बाजूला ठेवली. गल्लीगल्लीत मोहल्ला समित्या केल्या. त्यात यंत्रमाग कामगार, दुकानदार, दोन्ही धर्मांची साधी माणसं, आणि प्रत्येक समितीला एक ठरलेला पोलीस. नळाचं भांडणसुद्धा तिथे यायचं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समिती सणाच्या आठवड्यातच भरत असेल तर पोलिसाला गल्ली कळत नाही आणि गल्लीला पोलीस.

तुमच्या ठाण्यात विचारा: समितीची यादी कोणी केली, बायका किती, मागची बैठक सण नसताना कधी झाली?

मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज आला तर काय करायचं?

११२ ला फोन, एवढंच. साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मोबाइलवरच्या अफवेपायी जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकले. त्यानंतर सोळा दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी एसपी दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. अनोळखी माणूस दिसल्यावर गावाला पोलिसांऐवजी आपलीच काठी आधी आठवावी, यात पोलिसांबद्दलचा अविश्वासही आहे, असं मला वाटतं. फोन केला तर गाडी येईल याची खात्री त्या दुर्गम पट्ट्यात कोणाला होती?

चोरी कुठेही झाली तरी पोलीस आमच्याच वस्तीवर येतात. (हा प्रश्न पारधी आणि भिल्ल तरुण विचारतात.)

ही सवय जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. विमुक्त दिन आपण त्याचाच पाळतो. पुढे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि नजर तीच राहिली.

खान्देशाने उलटा प्रयोगही पाहिला आहे. १८१८ नंतर भिल्लांना बंदुकीने नमवता येईना, तेव्हा १८२५ साली जेम्स आउटराम याने भिल्लांचीच पलटण उभी केली, ठाणं धरणगाव. त्यात इंग्रजांचा स्वार्थ होताच. पण ज्याच्यावर पाळत ठेवायची त्यालाच गणवेश दिल्यावर मुलूख बदलतो, हे त्यांनी ओळखलं. आज तुमच्या वस्तीतली मुलगी पोलीस भरतीची तयारी करत असेल तर गावाने तिला पहाटे धावायला मैदान द्यावं.

तोवर कायद्याचं म्हणाल तर: झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५). झडती सुरू झाली की "साहेब, शूटिंग चालू आहे ना?" एवढंच विचारा. अनुसूचित जाती-जमातीवरच्या अत्याचाराची खबर असेल तर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

गावात एका बाईला डाकीण ठरवलंय. पोलीस म्हणतात, "तुमची पंचायत बघून घेईल."

पंचायतीने बघायची ही गोष्टच नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली हा दखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात कायद्याचं नाव घेऊन बोला, आवाज चढवायची गरज पडत नाही.

तंटामुक्त समितीत मिटवलं तर चालतं ना?

बांधाचं, पाण्याचं, भाऊबंदकीचं भांडण, किरकोळ मारहाण, जरूर मिटवा. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते, आणि कोर्टांवरचा भार कमी करण्याचा हेतू चांगलाच होता. पण बलात्कार, बाललैंगिक अत्याचार, अ‍ॅट्रॉसिटी यात समितीला काडीचा अधिकार नाही. तंटामुक्त गावाला मिळणाऱ्या बक्षिसासाठी पोरीला गप्प बसवलेलं मी पाहिलं आहे.

तुम्ही पोलिसांची बाजू कधी लिहिणार?

लिहितो. माझ्या ओळखीतल्या एका हवालदाराची मुलगी दहावीला होती तेव्हा तो निकालाच्या दिवशीही बंदोबस्तात होता. बारा तासांची ड्यूटी, सुट्टी रद्द, बेवारस प्रेत उचलायला स्वतःच्या खिशातून पैसे, आणि वर पुढाऱ्याच्या पोराचा फोन. अशा माणसाने रात्री नऊ वाजता तुमच्याशी गोड बोलावं ही अपेक्षा कायदा करू शकतो, पाळायला मनुष्यबळ लागतं. आणखी एक: खोटी अ‍ॅट्रॉसिटी, खोटी विनयभंगाची फिर्याद घेऊन आमच्या वकिलांकडेच लोक येतात. मी परत पाठवतो, सगळेच पाठवतात असं नाही.

फिर्याद अहिराणीत सांगितली तर चालेल का? मराठी नीट येत नाही.

सांगा ना, बिनधास्त सांगा. पावरी, भिलोरी, काहीही. लिहिणारा ती सरकारी मराठीत लिहितो आणि खरी गडबड तिथे होते. कायदा म्हणतो, लिहिलेली खबर वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची. तपासात पोलीस जो जबाब घेतात त्यावर मात्र तुमची सही लागतच नाही. कोणी मागितली तर का ते विचारा.

मागच्या पावसाळ्यात एका आजीची फिर्याद मी शेजारी बसून ऐकली. पुतण्याने बांध कोरला आणि हात धरून ढकललं, एवढंच ती अहिराणीत म्हणाली होती. कागदावर आलं, 'सदर इसमाने संगनमत करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली'. वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, लाथ नाही मारली त्याने, खोटं कशाला लिहिता. अंमलदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं, कागद फाडला आणि दुसरा घेतला.